टॅक्सीची दुसरी फेरी

१

वर्षश्राद्धाची पंगत बसली होती. सुनेत्रा वरणाचं भांडं घेऊन वाढत पुढं सरकत होती आणि किशनचंद लुल्ला शेजारच्या माणसाला टॅक्सीवाल्यांचे किस्से सांगत होता.

“हे आपले स्टेशनवाले काय लुटतात? लुटणारे बघायचे तर अंदमानला जा. मीटर-बिटर काय नाय तिथं. ज्या दिवशी आपला शरद गेला ना, त्या दिवशी पण माझ्याकडून डबल भाडा घेतला. बोलतो, दोन फेऱ्या झाल्या. मी बोललो, अरे बाबा, तू आम्हाला इथं आणला, आता वापस नेणार, एकच फेरी ना? तर बोलतो, आप लोग पानी में थे तब आपका एक साहब शहर जाके आया. आता सांगा! चार माणसं आलो, चारीच्या चारी पाण्यात. मग हा साहब कोण, भूत होता काय?”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. किशननं मान वर केली. समोर सुनेत्रा उभी होती. त्याचा घास हातातच राहिला.

“सॉरी भाभी.”

“तूप वाढू?” सुनेत्रानं विचारलं.

तिला राग आला नव्हता. राग येणं तिचं केव्हाच बंद झालं होतं. अंबरनाथच्या या दोन खोल्यांत ती वर्षभर उठत होती, शाळेत जाऊन भूगोल शिकवत होती, परत येऊन सासूला, माईंना, जेवायला वाढत होती. रडणं तेवढं जमलं नव्हतं. लोक आधी म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणू लागले, हिला काही वाटतच नाही. तेही तिला खरं वाटे.

तिचा नवरा शरदचंद्र राजवाडे एका कारखान्यात अधिकारी होता आणि पोहण्याचं त्याला वेड होतं. गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तो पोहण्याच्या ग्रुपमधल्या तिघांबरोबर पोर्ट ब्लेअरला गेला, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरायला शिकायला. बरोबर उल्हासनगरचा फर्निचरवाला किशन, बदलापूरची मीनल सबनीस आणि शरदचा जुना मित्र श्रीपाद टिपणीस. शेवटच्या दिवशी दुपारी चौघं दोन जोड्यांनी पाण्यात उतरले. किशन आणि मीनल गाइडबरोबर, शरद आणि श्रीपाद एकमेकांबरोबर. शरद जिवंत वर आला नाही.

काय झालं ते फक्त श्रीपादनं पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो मद्रासमार्गे विमानानं येऊन याच खोलीत बसला होता. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, तो म्हणाला. खाली गेल्यावर शरदनं त्याच्याकडे पाहिलं, तोंडातली श्वासाची नळी स्वतःच्या हातानं काढली आणि श्रीपादनं ती परत लावायला हात पुढं केला तर तो बाजूला सारला.

“घाबरलेला नव्हता, वहिनी. अगदी शांत होता.”

त्या एका वाक्यानं सुनेत्राचं सगळं थिजलं. शांतपणे नळी काढणाऱ्या माणसाला काहीतरी कारण असणार. कॉलनीनं ते कारण शोधलं आणि शोधता शोधता सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनंही शोधलं. भांडण नव्हतं, आजार नव्हता, काहीच नव्हतं. तरी तो गेला होता, म्हणजे असं काही होतं जे बायको असून तिला दिसलं नव्हतं. पुढं तिनं शोधणं सोडलं.

आता ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. चौघंही पाण्यात होते. मग टॅक्सीत कोण बसलं होतं?

२

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किशनचं दुकान होतं. बाहेर रस्त्यापर्यंत कपाटं आली होती, पॉलिशचा वास नाकात जात होता. सुनेत्राला पाहताच किशननं गिऱ्हाईक नोकराकडे सोपवलं आणि तिला आत एका नव्या सोफ्यावर बसवलं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

“भाभी, मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आल्या,” तो म्हणाला. “लोक बोलतात, हवाच येत नसेल म्हणून नळी काढली. उल्हासनगरचा माल, डुप्लिकेट असणार, किशननंच शरदला मारला. तोंडावर कोणी बोलत नाय, पण माझ्या पोरीच्या सासरपर्यंत गोष्ट गेली.”

“सामान तुमचं होतं?”

“चश्मे आणि पायातले ते बदकासारखे पंजे, एवढंच माझं. सिलिंडर, नळ्या, सगळं तिथल्या डायव्हिंगवाल्याचं. पोलिसांनी त्याच दिवशी चेक केलं. हवा बरोबर, नळी बरोबर. साईं कसम.” त्याच्या कपाळावर घाम आला होता. वर्षभर तो हे सांगायला कोणीतरी विचारण्याची वाट बघत होता.

“मी त्यासाठी नाही आले. टॅक्सीवाला नक्की काय म्हणाला?”

किशन गोंधळला. “टॅक्सी? ती तर मी अशीच गोष्ट सांगत होतो.”

“तरी सांगा.”

“हप्ताभर तोच ड्रायव्हर होता. रेट ठरलेला. शहरातून त्या खाडीवर जायचं, तो थांबणार, वापस आणणार. भला माणूस होता, कधी वरचा पैसा मागितला नाय. त्या दिवशी मात्र अडून बसला. शरदला गाइडनं बाहेर काढून वाळूत चादरीखाली ठेवलेला, पोलीस यायचे होते, आणि हा भाड्यावर वाद घालतो! मी रागानं पैसे फेकले त्याच्या अंगावर.”

“साहब म्हणाला? मेमसाब नाही?”

“साहब. मीनल तर माझ्याच बरोबर होती, गाइडच्या बोटीत.”

“आणि तुमची बोट निघाली तेव्हा ते दोघं?”

“किनाऱ्यावर, सामान बांधून तयार. शरदनं हात पण केला मला.” किशन थांबला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उतरू लागलं. “भाभी, तो टॅक्सीवाला खरं बोलत असेल तर...”

“तर त्या दोघांतला एक पाण्यात नव्हता,” सुनेत्रा म्हणाली.

ती रिक्षात बसली. तो एक शरदही असू शकत होता. पाण्यात उतरायचं सोडून तो शहरात गेला असेल? कशासाठी? कोणाला फोन करायला? वर्षभर सोडून दिलेलं ते शोधणं पुन्हा सुरू झालं, आणि त्याबरोबर कॉलनीत दबक्या आवाजात घेतलं जाणारं एक नाव आठवलं. मीनलचं.

३

मीनल बदलापूरला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. दुपारच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. बोटांना निळा डाग होता. दोघी चहाच्या टपरीमागच्या बाकड्यावर बसल्या.

“शरदचं आणि तुझं काही होतं का?” सुनेत्रानं विचारलं. पाणी आहे का विचारावं तसं.

मीनलनं तिच्याकडे बघितलं. आधी तिचा चेहरा लाल झाला, मग ती अचानक हसली. “वहिनी, मी पहिल्या दिवशी पायातले फिन्स उलटे घातले, तर तो माणूस इतका हसला, इतका हसला की मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. नंतर सॉरी म्हणून शहाळं आणून दिलं आणि ते देतानाही हसला. एवढंच होतं.”

सुनेत्राला शरदचं हसणं ऐकू आल्यासारखं झालं. ते हसणं आणि शांतपणे काढलेली नळी एकमेकांशेजारी बसेनात.

“आता मला सांग, त्या दिवशी पाणी कसं होतं?”

“घाण.”

“काचेसारखं नव्हतं?”

“काचेसारखं सुरुवातीच्या दिवसांत होतं. खाली वाळूवर आपली सावली दिसायची. मग वारा सुटला, पाऊस झाला आणि सगळा गाळ वर आला. त्या दिवशी तर ताकात डोकं घातल्यासारखं होतं. हात लांब केला तर माझी मलाच बोटं दिसत नव्हती. गाइडनं आम्हाला लगेच वर घेतलं.”

“शरद आणि श्रीपाद उतरले ती जागा लांब होती?”

“छे. हाक मारली तर ऐकू येईल एवढीच.”

त्या पाण्यात शरदचा चेहरा शांत आहे की घाबरलेला, हे कोणाला दिसलं असतं? चहाचा ग्लास तिच्या हातात तसाच होता.

“दुसऱ्या दिवशी श्रीपाद पुढं आला आणि तुम्ही दोघं मागं थांबलात. का?”

“आम्हाला जाताच येत नव्हतं ना. पाण्याखाली जाऊन आल्यावर...”

“चोवीस तास विमानात बसायचं नाही,” सुनेत्रानं वाक्य पुरं केलं. “रक्तात हवेचे बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, मरतोसुद्धा.”

मीनल बघतच राहिली. “तुम्हाला कसं माहीत?”

“तो जाण्याआधी ते पुस्तक पाठ करत होता. मी पोळ्या लाटताना प्रश्न विचारायचे आणि तो उत्तरं द्यायचा. जोडीदाराला नजरेआड करू नये. पाणी गढूळ असेल तर हात सोडू नये. समुद्र मी पाहिलाय तो चौपाटीवरून, पण ते पुस्तक मला अजून येतं.” मग तिनं विचारलं, “श्रीपादही खाली गेला होता ना? मग तो सकाळच्या विमानात कसा बसला?”

“गाइड ओरडला होता त्याच्यावर,” मीनल सावकाश म्हणाली. “श्रीपाद म्हणाला, माईंना कोणी परक्यानं सांगण्यापेक्षा मी जातो, मला काही होत नाही. आम्हाला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस. मित्राच्या आईसाठी जिवावर उदार झाला.” ती थांबली. “वहिनी, आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता. त्याच्या पाठीवर सिलिंडर नव्हता. मला वाटलं, वर आल्यावर काढून टाकला असेल.”

४

श्रीपाद टिपणीस चिखलोलीच्या बाजूला एका नव्या इमारतीत राहायला आला होता. आजूबाजूला अजून शेतंच होती. बायको माहेरी गेली होती. सुनेत्राला दारात पाहताच त्यानं पहिला प्रश्न केला, “माई बऱ्या आहेत ना?”

गेलं वर्षभर माईंची रक्तदाबाची औषधं तोच आणत होता. दिवाळीत त्यांच्या खोलीला रंगही त्यानं स्वतः दिला होता.

“बऱ्या आहेत. श्रीपादराव, शरदनं नळी कोणत्या हातानं काढली?”

त्याचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “उजव्या. का?”

“त्या पाण्यात तुम्हाला ते दिसलं?”

“तुमच्या डोक्यात हे कोणी भरवलं, वहिनी? मी समोर होतो. स्वच्छ पाणी...”

“स्वच्छ पाणी सुरुवातीच्या दिवसांतलं. त्या दिवशीचं पाणी तुम्ही आतून पाहिलंच नव्हतं.” सुनेत्रा खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होती. आवाज वर्गात बोलावं तसा एकसारखा होता. “किशनभाई आणि मीनल पाण्यात असताना तुमची टॅक्सी शहरात जाऊन आली. तिच्यात एक साहब होता. टॅक्सीवाला वर्षभर लबाड ठरला, पण तो उगाच अडून बसणारा माणूस नव्हता. तो साहब शरद असेल किंवा तुम्ही. मी खूप विचार केला. दोघांपैकी कोणीही असला तरी एक गोष्ट बदलत नाही. तुम्ही दोघं एकत्र पाण्यात नव्हता.”

श्रीपादनं दार लोटून घेतलं.

“मग कोण? शरद तर समुद्रातच सापडला. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही विमानात बसलात. पुस्तक तुम्हीही वाचलं होतं. गाइडनं ओरडून सांगितलं. तरी तुम्हाला भीती वाटली नाही, कारण भिण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही त्या दिवशी खाली गेलाच नव्हता.”

बाहेर कुठंतरी सिमेंट कालवण्याचं यंत्र घरघरत होतं. ते बंद पडलं तेव्हा श्रीपाद भिंतीला टेकून खाली बसला होता.

“कान दुखतोय म्हणून सांगितलं मी त्याला,” तो म्हणाला. “दुखत नव्हता. पहिल्यांदा खाली गेलो तेव्हाच छाती भरून आली होती माझी. कोणाला बोललो नाही. सगळे एवढे खूश होते. त्या दिवशी ते पाणी बघितलं आणि पाय उचलेनात. शरद म्हणाला, मग मीही नाही जात. मीच म्हटलं, अरे शेवटचा दिवस आहे, तू जा. गाइडला सांगू नको, तो तुलाही अडवेल. जाऊन ये, मी इथं किनाऱ्यावर बसतो.”

“बसलात?”

“नाही.” त्यानं मान हलवली. “त्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि मला ते पाणी बघवेना. सिलिंडर खडकाआड ठेवला आणि टॅक्सीत जाऊन बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, समुद्र दिसणार नाही इतक्या लांब ने. तो म्हणाला, मग शहरातच चला. तिथं चहा प्यालो. परत आलो तर तो वर आलेला नव्हता. मी आत शिरलो हो, पण कमरेपर्यंत पाणी आलं आणि पुढं जाता येईना.”

“आणि नळीचं?”

“पोलिसांनी विचारलं, काय झालं. काहीतरी सांगावं लागणार होतं. सामान बिघडलं म्हटलं असतं तर किशन आणि तो गाइड अडकले असते. शरद घाबरला म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग तुम्ही काय केलंत? म्हणून असं काहीतरी सांगितलं की ज्यात कोणाचाच दोष निघणार नाही.”

“कोणाचाच?”

श्रीपादनं वर पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं.

“माझा निघाला,” सुनेत्रा म्हणाली. “वर्षभर.”

ती उठली. दारापर्यंत पोहोचली तसा तो धडपडत मागं आला.

“वहिनी, पोलिसांकडे जायचं तर मी येतो. आत्ता येतो. किशनची माफी मागतो, कॉलनीत सगळ्यांना सांगतो. पण माईंना नका सांगू. त्यांना मी म्हटलंय, शेवटपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता. तेवढ्यावर त्या जगतायत.”

५

माई जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. एका पातेल्यात मोड आलेले वाल, दुसऱ्यात सोललेले. सुनेत्रा चप्पल काढून आत आली आणि खांद्यावरची पिशवी न उतरवता उभी राहिली.

वाटेत तिनं बरंच काही ठरवलं आणि मोडलं होतं. शरदनं नळी मुद्दाम काढली नव्हती. निदान तसं कोणी पाहिलं नव्हतं. तो तिला सोडून गेला नव्हता. हे कळल्यावर छाती मोकळी होईल असं तिला वाटलं होतं. ती झाली नव्हती. आत सगळं अजून तसंच बधिर होतं, फक्त आता त्याला कारण उरलं नव्हतं. आणि माईंना सांगायचं म्हणजे ज्या हाताच्या आधारावर म्हातारी रात्री झोपते तो हात काढून घ्यायचा. न सांगता राहिलं, तर श्रीपादचं खोटं आजपासून तिचंही होणार होतं.

“उशीर झाला गं,” माई म्हणाल्या. “कुठं गेली होतीस?”

“श्रीपादरावांकडे.”

“बरा आहे ना तो?”

सुनेत्रा समोर बसली आणि तिनं सांगितलं. टॅक्सीचं, पाण्याचं, विमानाचं, आणि शेवटी हाताचं. कुठंही आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही. माईंची बोटं सोलत राहिली. मध्ये एकदा थांबली, मग पुन्हा चालू झाली.

“म्हणजे तो एकटा होता,” माई म्हणाल्या.

“हो.”

खालून कोणीतरी सायकल जिन्यावर चढवत होतं.

“माझी औषधं आता तू आणत जा,” माई म्हणाल्या. “त्याला म्हणावं, येऊ नकोस.”

“सांगते.”

“पाणी गढूळ होतं म्हणालीस?”

“हो, माई. हाताची बोटं दिसत नव्हती.”

माईंच्या हातातला वाल निसटून जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

“मग घाबरला असेल गं तो,” त्या म्हणाल्या.

सुनेत्रानं वर पाहिलं. वर्षभरात तिनं शरदचा चेहरा किती प्रकारांनी डोळ्यांसमोर आणला होता. रागावलेला, कंटाळलेला, तिच्यापासून काही लपवणारा, आणि सगळ्यात जास्त तो शांत, तिचा हात बाजूला सारणारा. घाबरलेला शरद तिच्या डोळ्यांसमोर एकदाही आला नव्हता. आता आला. त्या पांढुरक्या पाण्यात हात चाचपडत, आजूबाजूला कोणाला तरी शोधणारा, कोणीतरी जवळ असेल असं समजणारा.

तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो आपलाच आहे हे तिला जरा उशिरानं कळलं. मग दुसरा निघाला, आणि मग तिला तो थांबवता येईना.

माईंनी तिला गप्प बस म्हटलं नाही. त्यांनी दोन्ही पातेली बाजूला सरकवली, पदर सावरला आणि तिचं डोकं टेकायला मांडीवर जागा करून दिली.